फिट आली? आधी घड्याळ बघा!

मुलांनो, तोरणमाळ कुठं आहे, सांगा बरं! महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि अगदी वरचा, डावीकडचा कोपरा बघा. तिथं नंदुरबार जिल्हा दिसेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून तो वेगळा झाला. या जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच अशा पठारावर तोरणमाळ वसलंय. भिल्ल आणि पावरा लोकांचा हा मुलूख. मोठा यशवंत तलाव, खोल सीताखाई, गोरखनाथांचं मंदिर आणि महाशिवरात्रीची गर्दीची यात्रा. थंड हवेचं ठिकाण म्हणून तुमच्यापैकी काही जण तिथं जाऊनही आले असतील.

समजा, तुमच्या शाळेची सहल तिथं गेली आहे. तलावाच्या काठाशी बसून सगळ्यांनी डबे उघडलेत. तुमच्या शेजारचा मित्र बोलता बोलता एकदम गप्प होतो. त्याचा डावा अंगठा आपोआप उडायला लागतो. मग मनगट, मग अख्खा हात, मग चेहऱ्याची डावी बाजू. आणि बघता बघता तो खाली कोसळतो. अंग ताठ होतं, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडातून फेस येतो.

कुणी ओरडतं, “अरे, चप्पल हुंगवा!” कुणी म्हणतं, “कांदा आणा, कांदा!” कुणी त्याच्या दातांत चमचा घालायला धावतं.

तुम्ही काय कराल?

आधी एवढं करा

याला आपण फिट म्हणतो. कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी मिरगी. फिट बघताना भीती वाटते, हे खरं. पण बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. ती थांबवणं आपल्या हातात नसतं. त्या वेळात मित्राला इजा होऊ न देणं मात्र आपल्या हातात असतं.

१. घड्याळ बघा. फिट किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

२. पाणी, चूल, दगड, टेबलाची कड अशा धोक्यांपासून त्याला दूर करा. डोक्याखाली घडी केलेला स्वेटर किंवा टॉवेल ठेवा.

३. शर्टाचं वरचं बटण, टाय, गळ्यातला रुमाल सैल करा. चष्मा काढून ठेवा.

४. झटके कमी होताच त्याला अलगद कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.

५. तोंडात काहीही घालू नका. चमचा नको, बोट नको, पाणी नको, गोळी नको. हातपाय दाबून धरू नका.

६. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळच थांबा. त्याच्याशी हळू आवाजात बोला. गर्दी पांगवा.

फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एकामागून एक फिट्स आल्या, मार लागला, फिट पाण्यात आली, नंतर श्वास नीट चालत नसला किंवा आयुष्यातली ही पहिलीच फिट असली, तर लगेच मोठ्यांना सांगा. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आणि चप्पल, कांदा? मघाशी म्हटलं तशी फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. तेवढ्यात कुणी चप्पल नाकाशी धरलेली असते, आणि श्रेय मिळतं चपलेला!

मेंदूत होतं तरी काय?

आपल्या मेंदूचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो असतं. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या संदेशांनी बोलतात. हात उचल, हस, सात नव्वे त्रेसष्ट, आईचा आवाज ओळख, ही सगळी कामं या संदेशांनीच चालतात.

वर्गात एकेकानं बोललं तर सगळं समजतं. पण पन्नासच्या पन्नास मुलं एकाच वेळी, एकाच तालात ओरडायला लागली तर? मेंदूतल्या पुष्कळ पेशी अशाच एकदम ‘ओरडायला’ लागल्या की फिट येते. हा गोंगाट मेंदूच्या एका कोपऱ्यातच राहिला, तर एखादाच अंगठा उडतो, किंवा मूल क्षणभर शून्यात बघत बसतं, कपडे चाचपतं, नसलेला वास आल्यासारखं करतं. गोंगाट सगळीकडे पसरला, की माणूस खाली पडतो.

असं का होतं? कारणं अनेक आहेत. काहींना जन्मतःच तसा कल असतो. काहींना डोक्याला मार लागलेला असतो, काहींना मेंदूचा ताप येऊन गेलेला असतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत तर कारण सापडतच नाही. आणि थोड्या जणांच्या मेंदूत गाठ असते. तिला ट्यूमर म्हणतात. गाठ स्वतः झटके देत नाही. ती भोवतीच्या निरोगी पेशींना डिवचते, आणि त्या पेशी गोंगाट करतात. गंमत म्हणजे, झपाट्यानं वाढणाऱ्या गाठींपेक्षा सावकाश वाढणाऱ्या गाठींमुळे फिट्स जास्त येतात. म्हणून कित्येकदा फिट ही त्या गाठीनं दिलेली पहिली सूचना ठरते. ती वेळेवर ऐकली, तर उपचार लवकर सुरू होतात.

अंगठ्यानं दाखवलेली जागा

आता आपल्या त्या मित्राकडे पुन्हा बघू. त्याचा आधी अंगठा उडाला, मग मनगट, मग हात, मग चेहरा. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? पण डॉक्टरांच्या दृष्टीनं हीच सगळ्यांत मोलाची माहिती असते.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर होते. फिट शरीरात कुठून सुरू होते आणि कुठं कुठं सरकत जाते, हे ते बारकाईनं टिपून ठेवत. ते म्हणाले, ज्या क्रमानं अवयव उडतात, त्याच क्रमानं मेंदूतल्या जागा एकीशेजारी एक असल्या पाहिजेत. शिवाय मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, आणि डावी बाजू उजवी. म्हणजे डावा अंगठा उडाला, तर बिघाड मेंदूच्या उजव्या बाजूला शोधायचा!

१८७९ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात विल्यम मॅकईवन या सर्जननी १४ वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिच्या चेहऱ्याला आणि हाताला झटके येत. त्यावरून त्यांनी गाठीची जागा ठरवली, कवटी उघडली आणि गाठ काढली. ती मुलगी त्यानंतर आठ वर्षं जगली, आणि गेली ती दुसऱ्याच आजारानं.

पुढे नोव्हेंबर १८८४ मध्ये लंडनला डॉ. बेनेट यांनी अशीच झटक्यांवरून एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतली जागा सांगितली. सर्जन रिकमन गॉडली यांनी बरोबर तिथंच कवटी उघडली, आणि अक्रोडाएवढी गाठ मिळाली! दुर्दैवानं जंतुसंसर्ग होऊन तो शेतकरी महिन्याभरात वारला. पण मेंदूतली गाठ बाहेरून नेमकी ओळखता येते, हे जगाला पटलं. लक्षात घ्या, तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता. तो आला १८९५ साली. डॉक्टरांजवळ होते फक्त डोळे आणि वही.

आपल्या देशातही ही विद्या लवकरच आली. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. ते कॅनडात डॉ. पेनफील्ड यांच्याकडे शिकून आले होते. पेनफील्ड यांनी तर शस्त्रक्रिया चालू असताना जाग्या रुग्णांशी बोलत बोलत मेंदूचा नकाशाच तयार केला. जागं ठेवून? हो! मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. कवटीवरच्या कातडीची जागा बधिर केली की पुरतं. या नकाशात अंगठा, ओठ आणि जीभ यांनी भलीमोठी जागा व्यापलेली दिसते, कारण नाजूक कामं तेच करतात. म्हणूनच तर अशा फिट्स पुष्कळदा अंगठ्यापासून किंवा ओठांपासून सुरू होतात.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमध्ये एका रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, आणि पडद्यावर मेंदूतली गाठ दिसली. या यंत्राबद्दल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना १९७९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यानंतर एमआरआय आला. मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारं ईईजी तर त्याही आधीपासून आहे. पण आजसुद्धा डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो: “फिट आली तेव्हा तिथं कोण होतं? काय दिसलं?”

ज्याला फिट आली, त्याला बहुधा काहीच आठवत नाही. सांगू शकता ते तुम्हीच. आधी कोणता हात उडाला? मान कोणत्या बाजूला वळली? डोळे उघडे होते की मिटलेले? किती मिनिटं चाललं? शुद्धीवर आल्यावर एखादा हात लुळा होता का? बोलताना शब्द सापडत नव्हते का? हे लिहून ठेवा. मोबाइल असेल तर मोठ्यांना सांगून फिटचं चित्रण करा आणि ते फक्त डॉक्टरांना दाखवा. इतर कुणालाही पाठवू नका!

प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे

‘मेंदूत गाठ’ हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होते. पण थांबा. ट्यूमरचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि सगळे कॅन्सरचे नसतात. शिवाय आपल्या देशात फिट आलेल्या मुलाच्या स्कॅनमध्ये जी बारीक गाठ दिसते, ती पुष्कळदा ट्यूमर नसतेच. ती क्षयरोगाची असू शकते, किंवा पट्टकृमीच्या अळीची. वेल्लोरचेच डॉ. राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चांडी यांनी दाखवून दिलं, की अशा कितीतरी लहान गाठी पट्टकृमीच्या असतात आणि शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होऊ शकतात.

पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतून पोटात जातात. म्हणून केवळ मांसाहार करणाऱ्यांनाच हा आजार होतो, हा गैरसमज आहे. शौचाहून आल्यावर साबणानं हात धुणं, कोथिंबीर, गाजर, मुळा नीट धुऊन खाणं आणि शौचालय वापरणं, एवढ्यानं मेंदूच्या एका मोठ्या शत्रूला आपण दारातच अडवतो.

डोंगर उतरताना

आता तोरणमाळचा विचार करा. तिथून शहादा सुमारे ५५ किलोमीटर, तेही घाट उतरून. पुढे नंदुरबार. मेंदूची मोठी शस्त्रक्रिया करायची म्हटली, तर आणखी लांब नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. एक दिवसाची मजुरी बुडवून, लेकराला घेऊन, अनोळखी शहरात जाणं किती कठीण असेल! त्यात भाषेची अडचण. घरी पावरी किंवा भिली बोलणारी आई डॉक्टरांसमोर मराठीत सांगताना अडखळते. अशा वेळी शाळेत जाणारी ताई किंवा भाऊच तिचा दुभाषी होतो.

म्हणून कित्येक जण आधी भगताकडे किंवा बडव्याकडे जातात. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, आपल्या भाषेत बोलतो, धीर देतो. त्याच्याकडून मनाला धीर मिळत असेल तर मिळू द्या; पण त्यासाठी दवाखान्याचा दिवस पुढे ढकलू नका. गाठ कुणाची वाट बघत नाही. आणि फिट म्हणजे कुणाचा कोप नव्हे, करणी नव्हे, अंगात येणंही नव्हे. आपल्याकडच्या जुन्या चरकसंहितेत ‘अपस्मार’ या नावानं त्याचा आजार म्हणूनच विचार केलाय. फिट शिवण्यानं लागत नाही, उष्टं खाल्ल्यानंही लागत नाही.

वाट थोडी सोपी करणाऱ्या काही गोष्टी आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलं तपासतं. त्यात फिट्सची चौकशीही असते. पथक आलं की लाजू नका, सांगा. मोठ्या उपचारांच्या खर्चासाठी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. आधी त्यांना गाठायचं.

गाठ गेली, पुढे काय?

गोष्टींच्या पुस्तकात शस्त्रक्रिया झाली की शेवट गोड होतो. खऱ्या आयुष्यात मात्र तिथून दुसरा भाग सुरू होतो.

गाठ काढल्यावर अनेकांच्या फिट्स थांबतात. काहींच्या कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत, कारण जिथं गाठ होती तिथं व्रण राहतो आणि तोही पेशींना डिवचू शकतो. म्हणून गोळ्या पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं घ्याव्या लागतात. “आता बरं वाटतंय” म्हणून मनानं गोळी बंद केली, तर फिट जोरात उलटू शकते. डोंगरातल्या गावांनी तर आणखी एक काळजी घ्यायची. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी गोळ्या संपू नयेत, म्हणून डॉक्टरांना सांगून जास्तीचा साठा जवळ ठेवायचा.

आणखीही काही मागे राहू शकतं. एका हाताची बोटं मंद चालतात. ओठांवर आलेला शब्द निसटतो. काल पाठ केलेली कविता आज आठवत नाही. पानाची एक बाजू नीट दिसत नाही. गोळ्यांमुळे झोप येते, थकवा येतो. पूर्वी शांत असलेला मुलगा चिडचिडा होतो. बाहेरून मात्र तो अगदी धडधाकट दिसतो! म्हणून लोक म्हणतात, “नाटकं करतो. आळशी झालाय.” हे शब्द फिटपेक्षाही जास्त लागतात.

अशा मित्राला दया नको असते, सोबत हवी असते. त्याला तुमची वही द्या. तो शब्द शोधत असेल तर घाई न करता थांबा. खेळायला बोलवा. पोहायला मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि माहीतगार मोठं माणूस शेजारी असेल तरच. झाडावर, विहिरीच्या कठड्यावर चढायचं नाही. पेटत्या चुलीजवळ एकटं बसायचं नाही. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. बाकी अभ्यास, गाणं, सहल, नाटक, सगळं चालतं.

क्रिकेट? चालतं की! दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स आठवतो? १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन इंझमामला धावबाद करणारा? त्याला लहानपणापासून अपस्मार होता, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही.

आपल्या मराठी माणसांतही असं उदाहरण आहे. लेखक डॉ. अनिल अवचट यांची कन्या यशोदा वाकणकर यांना लहानपणापासून फिट्स येत. त्यांचं कारण ट्यूमर नव्हतं, पण मेंदूवर शस्त्रक्रिया त्यांचीही झाली आणि फिट्स थांबल्या. मग त्या स्वस्थ बसल्या नाहीत. पुण्यात ‘संवेदना फाउंडेशन’ काढून त्यांनी फिट्स येणाऱ्या माणसांसाठी मदतगट सुरू केला. अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवायलाही त्या मदत करतात. आपल्यासारखंच सोसलेलं माणूस समोर बसलं की अर्धी भीती तिथंच जाते.

आईबाबांसाठी

मुलाला सारखं सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल, एक हात कमजोर वाटत असेल, चालताना तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल, चांगला चाललेला अभ्यास अचानक घसरला असेल किंवा फिट आली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण तपासणी टाळू नका.

आजार शाळेपासून लपवू नका. वर्गशिक्षकांना गोळ्यांच्या वेळा आणि प्रथमोपचार लिहून द्या. आजारामुळे कायमचं अपंगत्व आलं असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चेतासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात.

“मुलीचं लग्न कसं होणार?” या काळजीनं अनेक घरांत औषधसुद्धा चोरून दिलं जातं. पूर्वी आपल्या विवाह कायद्यातही अपस्माराचा उल्लेख लग्नाला अडसर म्हणून होता. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला गेला. कायद्यानं जे पुसलं, ते आपण मनात जपून ठेवायचं का?

आता तुमचं काम

१७ नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी वर्गात फलकावर वरचे सहा मुद्दे लिहा. एकानं फिट आलेल्याचं काम करायचं, एकानं घड्याळ बघायचं, एकानं कुशीवर वळवायचं, एकानं टिपणं घ्यायची. दहा मिनिटांत सगळा वर्ग तयार होईल.

आणि आज रात्री हे पान घरी वाचून दाखवा. तुमच्या घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीत सांगा, भिली बोलत असतील तर भिलीत, पावरी बोलत असतील तर पावरीत. आजीला समजलं पाहिजे, की चप्पल शोधायची नाही, घड्याळ बघायचं!